लाल नळीतला पारा

दुकानावर पाटी लागली की सगळे मालकाचं नाव वाचतात. ती काच कोणी वाकवली, हे विचारणारा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला. अकोल्यात माझं निऑनच्या पाट्यांचं काम होतं. पन्नास-साठच्या दशकात वऱ्हाडात हे काम करणारे आम्ही मोजकेच. त्यातला मी एक, आणि आता म्हातारपणी सांगायला हरकत नाही, चांगल्यापैकी एक. स्वभाव मात्र पहिल्यापासून तिरसट. माझ्या अक्षराच्या वळणात कोणी खोट काढली की डोकं फिरलंच म्हणून समजा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला संत्र्याच्या रंगाची पाटी हवी होती. मी निऑनची नळी पेटवून दाखवली. शेठ मान वाकडी करून पाहत राहिला आणि म्हणाला, "हा रंग लय पिकला, भाऊ. जरासा कच्चा करा." गॅसला काय कच्चं आणि काय पिकलं! अमरावतीच्या एका डॉक्टरांनी लाल पाटी परत केली, कारण पेशंट ती पाहून दारातूनच माघारी फिरत होते. त्यांना निळी करून दिली. एक मिठाईवाला भांडायला आला, तुझ्या पाटीनं माझे पेढे गुलाबी दिसतात म्हणून. मी म्हटलं, मग गुलाबी पेढे म्हणून विक. तो पुढं वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

हे लाल-निळं थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. काचेची नळी आचेवर धरून अक्षरासारखी वाकवायची. दोन्ही टोकांना वीज आत न्यायला धातूच्या टोप्या बसवायच्या. मग ती नळी काचेच्याच एका लांब दांडीला जोडायची. या पोकळ दांडीला आम्ही लाइन म्हणायचो. लाइनचं एक टोक पंपाला, दुसरं गॅसच्या बाटलीला. पंपानं हवा ओढून घ्यायची आणि जबर वीज सोडून नळी इतकी तापवायची, की तिच्यावर ठेवलेला कागदाचा कपटा तपकिरी व्हावा. आतली घाण, ओल सगळी सुटून जाते. मग गॅस भरायचा आणि नळी आचेनं बंद करून लाइनवरून तोडून घ्यायची. निऑन भरला की लाल. निळी हवी असेल तर आर्गन, आणि वर पाऱ्याचा एक थेंब.

आता मेख अशी, की आमच्या धंद्यात लाइन एकच. सकाळी डॉक्टरांची निळी, दुपारी टाकीजची लाल. पाऱ्याचा अंश कुठंतरी राहायचाच, वळणात नाही तर गॅसच्या तोटीला लावलेल्या चरबीत. तेवढ्यानं लाल पाटीचं काही बिघडत नाही, रस्त्यावरच्या माणसाला लाल ते लालच दिसतं. म्हणून लाइन साफ आहे का, असं कोणी विचारलं तर आम्ही सगळेच बिनदिक्कत हो म्हणायचो.

मला तो प्रश्न विचारला तायडे सरांनी.

साठचं दशक संपत आलं होतं. मार्चमधल्या एका दुपारी एक उंच, किडकिडीत तरुण माणूस दुकानात आला आणि पेटलेल्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं भाव करणार. तो म्हणाला, "ही काच कोणी वाकवली?"

"मी," मी म्हटलं. "काहून? काही खोट आहे का?"

"खोट नाही. मले एक नळी पाहिजे. सरळ."

सरळ नळीसाठी अमरावतीहून अकोल्याला येणारा माणूस वेडा तरी असणार नाही तर मास्तर. हे मास्तर निघाले. अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. मूळ हिवरखेडचे, वडील लोकांच्या शेतात मजुरीला. छप्पन साली घर बौद्ध झालं, त्याच वर्षी हे मॅट्रिक झाले. पुढं एम.एस्सी.साठी नागपुरात दोन वर्षं काढली. ती कशी काढली, हे त्यांच्या तोंडून मी कधी पूर्ण ऐकलं नाही.

माझ्या कामाच्या टेबलावर खडूनं चित्र काढून त्यांनी समजावलं. लेसर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मीटरभर लांब नळी, आत हेलियम भरपूर आणि निऑन थोडा. दोन्ही टोकं तिरपी कापून त्यांवर सपाट काचा डकवायच्या. बाहेर समोरासमोर दोन आरसे. नळीतला उजेड या आरशावरून त्या आरशावर धावतो आणि दर फेरीत गॅसमधून जाताना थोडा वाढतो.

"किती वाढते?" मी विचारलं.

"शंभरात एक-दोन."

"बस?"

"बस. आन् आरसे खातात, काचा खातात, धूळ खाते. खाणं वाढीपेक्षा कमी ठेवलं तर उजेड वाढतच जाते, आन् एका आरशातून सरळ रेघेसारखा बाहेर पडते. खाणं जास्त झालं, तर मंग ती तुमची पाटीच."

मला हे आवडलं. का ते सांगता येणार नाही, पण आवडलं. मग त्यांनी घाई कशाची आहे ते सांगितलं. त्यांच्या कॉलेजला फिजिक्सचा एम.एस्सी.चा वर्ग हवा होता. मार्चअखेर विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. तुमच्याकडं संशोधनाची कुवत आहे कुठं, हा समितीचा आक्षेप ठरलेला. म्हणून सरांनी अर्जात लिहून टाकलं होतं, की आमच्या विभागात लेसर तयार होत आहे आणि तो समितीला चालवून दाखवू. मुंबईच्या एका संस्थेतून आरसे आणि हेलियमची बाटली मागून आणली होती. नळी मात्र नव्हती.

"हिवरखेड-तेल्हाऱ्याचं पोट्टं नागपुरात राहू शकत नाही, बोचरेभाऊ," ते म्हणाले. "हुशार असलं तरी बी.एस्सी. करून मास्तरकी धरते. वर्ग अमरावतीत आला तर ते शिकन." मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तुमची लाइन साफ आहे ना? पारा बिलकूल चालत नाही. हेलियम जी शक्ती धरून ठेवते, ती पारा मधातच घेऊन टाकते. नळी पेटलेली दिसते, पण वाढ मरते."

"एकदम साफ," मी म्हटलं.

आठच दिवसांपूर्वी त्या लाइनवर मी एका टाकीजची बारा निळी अक्षरं भरली होती. नवी लाइन जोडणं हे एका सकाळचं काम. पण गिऱ्हाइकासमोर आपली लाइन घाण आहे असं कोण म्हणतं? आणि तेही माझी काच पाहून इतक्या लांबून आलेल्या माणसासमोर? मनात म्हटलं, चांगली तापवून घेऊ, जाईल निघून.

लाइन आणि पंप गवतात बांधून अमरावतीला नेले. कॉलेजच्या मागच्या एका खोलीत सरांनी खिडक्यांना घोंगड्या ठोकून अंधार केला होता. मी राहायला सरांच्याच घरी. घरात ते आणि त्यांची आई, गयाबाई. म्हातारी रोज ताटात भाकरी टाकताना विचारायची, "पडला का उजेड, भाऊ?" मी म्हणायचो, पडन. ती म्हणायची, "माह्या लेकाचा तुमच्यावर लय भरोसा हाय." भाकरी गरम असायची, पण खाली उतरत नसे. हे पहिल्या दिवसापासूनचं सांगतो आहे. मला तेव्हाच धास्ती होती.

नळी मी झकास केली. तिरपी टोकं घासून आरपार सपाट केली, काचा लाखेनं डकवल्या, विजेच्या टोप्या टोकांजवळ बाजूला बसवल्या. गॅस भरताना सरांनी सांगितला तो दाब इतका कमी होता, की पाटीच्या हिशेबानं नळी रिकामीच म्हणायची. वीज सोडली, गुलाबी पेटली. मला ते फिकं वाटलं. सवयीनं मी वीज वाढवली, नळी भगभगली, आणि मी मोठ्या ऐटीत सरांकडं पाहिलं.

"कमी करा," सर म्हणाले.

"आं? उजेड तर वाढला!"

"पाटीचा उजेड वाढला. आपल्याले जो पाहिजे तो कमी झाला. लय वीज सोडली तर गॅसमधली वाढ उलटी घटते."

जन्मभर ज्या गोष्टीला मी चांगलं म्हणत आलो तीच इथं वाईट निघाली. राग आला, पण वीज कमी केली. मग आरशांचं काम सुरू झालं. एका टोकाला भोक पाडलेला कागद लावून नळीतून पलीकडं पाहायचं आणि आरशाचे स्क्रू केसाएवढे फिरवत राहायचं. भोकाचं प्रतिबिंब बरोबर भोकावर आलं, की आरसा सरळ बसला. सर दिवसचे दिवस एका डोळ्यानं नळीत पाहत बसायचे. बाहेर ऊन कडक, आत घोंगड्यांमुळं भट्टी. लाख नरम पडू नये म्हणून मी टोकांना ओल्या फडक्यानं वारा घालायचो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायला हवा होता. काही नाही.

सरांनी काचा पुसल्या, आरसे अदलाबदल केले, गॅसचं प्रमाण बदलून पाहिलं. प्रत्येक भरणीत हेलियमची बाटली खाली होत होती. रोज संध्याकाळी ते वहीत गणित करायचे आणि म्हणायचे, "माहंच कुठीतरी चुकून राहिलं."

चौथ्या दिवशी मला दिसलं. नळी अर्धा तास सलग चालली होती. तिच्या ऋण टोकाशी, टोपीजवळ, बोटभर जागेत एक निळसर झाक आली होती. पाट्यांना आम्ही उलटसुलट वाहणारी वीज देतो, तिथं असं होत नाही. इथं वीज एकाच दिशेनं जात होती, म्हणून पारा ढकलत ढकलत त्या टोकाला जमा झाला होता. सरांना ती झाक दिसली नसती असं नाही. पण त्यांचा डोळा आरशांत अडकलेला, आणि माझ्या शब्दावर त्यांनी तो विचार कधीच बंद करून टाकलेला. मी मात्र ओळखली. ती निळाई मी वीस वर्षं रोज बघत होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. समितीला अजून सहा दिवस होते. एका सकाळचं काम होतं हो! पण मी काय केलं, तर काळा कागद आणून त्या टोकाला गुंडाळला.

"हे काहून?" सरांनी विचारलं.

"इथला उजेड तुमच्या डोळ्यात जाते, सर. आरसा पाहाले तरास."

"वा! हे मले सुचलंच नव्हतं," ते म्हणाले, आणि खरंच खूश झाले.

त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. सर स्क्रूवर वाकलेले दिसले की फडकं भिजवायला घ्यायचो. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड, कारण आता कालच्याही दिवसाचा जाब द्यायचा. मीच मनाची समजूत घालायचो, की पारा इतकासा आहे, आरसे बरोबर लागले तर ठिपका पडेलही. कॉलेजचे प्रिन्सिपॉल रोज दारातून डोकावून जायचे आणि म्हणायचे, "काय तायडे, सिनेमाची पाटी तयार झाली का?" सर हसून घ्यायचे. मी मान खाली घालून फडकं हलवत राहायचो.

समिती आली. तिघं जण होते. अध्यक्ष नागपूरचे एक म्हातारे प्रोफेसर, धोतर-कोट, आवाज मऊ. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सरांनी नळी पेटवली, आरसे फिरवले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सरांच्या कानामागून घाम ओघळत होता. भिंत कोरडीच.

अध्यक्षांनी वाकून नळी न्याहाळली. त्यांचं बोट काळ्या कागदावर येऊन थांबलं. "हा कागद कशाला?"

"डोळ्यावर उजेड येऊ नये म्हणून," सर म्हणाले. "यांची युक्ती. हे बोचरे, अकोल्याचे. नळी यांनीच केली. काचकामात कणभर खोट नाही, सर. चूक असेल तर ती माझ्या मांडणीत."

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "छान काम आहे. तुमच्या लाइनवर पूर्वी कधी पारा वापरला होता का?"

नेमका तोच प्रश्न! तो म्हातारा जाणता होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत शंका नव्हती, माझं उत्तर त्यांना पाठच होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "लाल कामच करतो मी त्याच्यावर."

अध्यक्षांनी मान डोलावली. बाहेर जाताना ते सरांना म्हणाले, की प्रयत्न चांगला आहे, पण अर्जात लिहिलं ते दिसलं नाही. आता आम्ही अकोल्याचं कॉलेज पाहायला जातो, अहवाल उद्या संध्याकाळी तिथंच डाकबंगल्यावर पुरा करू. मोटार गेली. सर खोलीत येऊन स्टुलावर बसले.

तेव्हा मी काळा कागद काढला.

"सर," मी म्हटलं, "हे पाहा."

ते उठून आले, वाकले, त्यांनी पाहिलं. फिजिक्सचाच माणूस, सांगावं लागलं नाही.

"कधी दिसलं?"

"सहा दिवस झाले."

मला वाटलं मारतील. मी असतो तर मारलं असतं. त्यांनी विचारलं, "नवी लाइन जोडाले किती वेळ लागते?"

"एक सकाळ."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "तोडा ही."

जुनी लाइन फोडली तेव्हा एका वळणातून मोहरीएवढा पाऱ्याचा मणी कागदावर घरंगळला. सर त्याच्याकडं पाहत बसले. मी त्याच दुपारी नळीचं ते निळं टोकच कापून नवं टोक लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या काचेची लाइन जोडली. सरांनी सायकलवर पोत्यातून बर्फाची लादी आणली, उरल्यासुरल्या पाऱ्याची वाफ वाटेतच थंड होऊन अडावी म्हणून नव्या लाइनच्या पोटाशी बर्फ आणि मीठ लावलं. लाख वाचवायला टोकांना ओली फडकी गुंडाळून नळी तापवली, कपटा तपकिरी झाला. बाटलीत गॅस एकाच भरणीपुरता होता. तो मी तोटी केसाएवढी फिरवत भरला.

दुपारी दोनच्या सुमाराला सरांनी स्क्रू फिरवला आणि भिंतीवर ठिपका पडला. तांबडा लाल, गहू मावेल एवढा, आणि असा स्थिर की मी आधी भिंतीला हात लावून पाहिला, रंग तर लागला नाही ना. ठिपका माझ्या हातावर आला. मला रडू फुटलं. लाज न बाळगता सांगतो, मी हुंदके देऊन रडलो. सर हसत होते, लहान पोरासारखे.

मग ते भानावर आले. "दोन वाजले. समिती अकोल्यातच आहे. उद्या सकाळी परतताना घंटाभर इथं थांबले तरी होते."

"मी जातो, सर."

"तुमी? मी जातो ना."

"तुमी हे आरसे सोडून गेले तर ठिपका जाईन. आन् खोटं मी बोललो. मीच त्याहिले सांगतो, लाइन माही घाण होती, मास्तरची चूक नव्हती."

"चिठ्ठी देऊ का?"

"चिठ्ठी नको. तोंडानं सांगतो."

सरांनी माझा हात दाबला. त्या क्षणी मी खरंच सांगणार होतो, हे कृपा करून खरं माना. बसमध्ये अकोल्यापर्यंत मी एकच वाक्य घोकत गेलो, की साहेब, काल मी खोटं बोललो.

डाकबंगल्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. व्हरांड्यात तिघंही चहा घेत बसले होते, टेबलावर कागद पसरलेले. मला बघताच अध्यक्ष उठून उभे राहिले. माझ्यासाठी! "अरे, या या. तुमचीच गोष्ट चालली होती. बसा." मला खुर्ची दिली, चहा मागवला. इतर दोघांना म्हणाले, "तायडे सांगत होते, यांचं शिक्षण फक्त चौथी, आणि काच बघा! परदेशात अशा कारागिराला प्रयोगशाळेत डोक्यावर घेतात." मग एक कागद उचलून माझ्या हातात दिला. "तायडेंच्या हाती पाठवणार होतो, तुम्ही आलात ते बरंच झालं. अहवालातही लिहितो आहे. त्याच्यावर सही तेवढी राहिली आहे."

मी वाचलं. 'श्री. पुंडलिक बोचरे यांचे काचकाम अत्यंत कुशल व निर्दोष आहे.' खाली त्यांची सही. माझं नाव असं लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. इतकी वर्षं लोकांची नावं वाकवली, आणि हे माझं.

"तर मग, कसं येणं केलं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचं पेन उघडंच होतं, अहवाल समोर.

तोंड उघडलं. 'निर्दोष' हा शब्द माझ्या हातात होता. पुढचं वाक्य बोललो, की तो कागद मला परत द्यावा लागणार होता आणि खुर्चीवरून उठावं लागणार होतं.

"काही नाही साहेब, सहजच," मी म्हटलं. "घर इथंच आहे माहं."

त्यांनी हसून मान हलवली आणि अहवालावर सही केली. मी चहा संपवला, नमस्कार केला आणि घरी गेलो. बायको शांता तो कागद ऐकून इतकी हरखली, की शेजारीपाजारी साखर वाटून आली. मी आजारी आहे सांगून पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेलो. सर दारातच उभे होते. मी सांगितलं, "मूर्तिजापूरजवळ बस बंद पडली, सर. तीन तास. पोचलो तोवर ते निघून गेले होते."

सर पायरीवर बसले. मग मलाच धीर द्यायला लागले, की तुमी तरी काय करसान, बसच खटारा. त्यांनी समितीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, अहवाल सादर झाला आहे, पुढच्या वर्षी अर्ज करावा. आरसे मुंबईला परत गेले. त्या वर्षी वर्ग मिळाला नाही. पुढच्या वर्षी अर्ज करायला सर तिथं राहिलेच नाहीत. अर्जात खोटं लिहिलं असा ठपका प्रिन्सिपॉलनी ठेवला आणि त्यांची नेमणूक पुढं चालू केली नाही.

जूनमध्ये ते मराठवाड्यातल्या एका कॉलेजात नोकरीला निघाले. गाडी अकोल्याहून होती, म्हणून मला भेटायला दुकानात आले. गयाबाई स्टेशनवर सामानापाशी बसल्या होत्या. सरांनी माझ्यावर राग म्हणून कधी दाखवला नव्हता. उलट म्हणाले, "बोचरेभाऊ, नळी जपून ठेवा. नव्या कॉलेजात आरसे मिळाले तर तुमालेच बोलावतो."

टेबलावर एक चौकट पडली होती. शांतानं अध्यक्षांचा कागद काच लावून आणला होता आणि मी तो भिंतीला लावत नव्हतो. सरांनी सहज उचलला. वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! हे मले काहून नाही दाखवलं? कोणं धाडलं, प्रिन्सिपॉलनं?" ते वाचत वाचत खाली आले. सहीखाली गाव लिहिलं होतं, अकोला, आणि तारीख. ठिपका पडला ती तारीख सर कशी विसरतील?

"भेटले होते तुमाले," ते म्हणाले.

"हाव, सर."

त्यांनी चौकट होती तिथं, होती तशी ठेवली.

"आन् मी तीन महिने झाले, बोचरेभाऊ," ते म्हणाले, "त्या मूर्तिजापूरच्या बसवाल्यालेच शिव्या देऊन राहिलो."